भिरंडाच्या कंपनीचा फळा

जोयड्याच्या बसस्टँडसमोर चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर एक काळा फळा अजून टांगलेला आहे. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं मराठीत आणि कन्नडात लिहिलंय, 'या आठवड्याची विक्री'. खाली खडूनं काढलेला एक आकडा. तो पुसायला कुणी येत नाही. वर पत्र्याची पडवी आहे, त्यामुळे पाऊसही तो पुसत नाही. मी महिन्यातनं दोन-तीनदा तिथनं बस पकडते आणि दर वेळी ठरवते की आज तिकडं बघायचं नाही. बघतेच.

हा फळा माझ्या भांडणामुळं लागला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला पकडल्याचा आव आणायला नको. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. ज्यांनी मागायला पाहिजे ते तालुक्यात आरामात फिरतात.

कंपनी म्हटल्यावर डोळ्यापुढं काचेची इमारत आणू नका. नंदिगड्ड्याच्या रस्त्याला एक लांब शेड, मागं वाळवणाच्या मांडवांच्या रांगा, आत निळे प्लास्टिकचे ड्रम. कागदावर मात्र ती पक्की कंपनी होती, भागधारक, अध्यक्ष, वार्षिक सभा, सगळं. भागधारक म्हणजे आमच्या वाडीतल्या बायका, त्यांत माझी आई, आणि वर दिग्गीपर्यंतची घरं. अध्यक्ष माझा मामा, आईचा थोरला भाऊ. माल एकच, भिरंड. शहरात त्याला कोकम म्हणतात.

भिरंड पिकतं उन्हाळ्याच्या शेवटी, अगदी पावसाच्या तोंडावर. फळ फोडायचं, बी काढायची, साल मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून उन्हात टाकायची. वाळली की परत रसात, परत उन्हात. ह्याला पुट देणं म्हणतात. पुरेशी पुटं बसली की साल काळीभोर होते आणि वर्षभर टिकते. पण ज्या घरात वाळवायला जागा नाही आणि डोक्यावर ढग आलेत, तिथं पुटं कसली. त्या दिवसांत रामनगरकडचा व्यापारी टेंपो घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरतो. बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात. भाव तो सांगतो, कारण पाऊस त्याच्या बाजूनं असतो.

कंपनी निघाली ती ह्या टेंपोपुढं उभं राहावं लागू नये म्हणून. सगळ्यांचं भिरंड शेडमध्ये आणायचं, पुरतं वाळवायचं, ड्रममध्ये भरून वर मीठ पसरायचं, तोंडाला जाड प्लास्टिक ताणून सुतळीनं आवळायचं, आणि दिवाळी होईपर्यंत हात लावायचा नाही. तोवर बाकीच्यांचा माल संपलेला असतो आणि गोव्याकडचा मोठा घेणारा स्वतः गाडी घेऊन येतो. कंपनीचा सगळा धंदा म्हणजे थांबणं. आमच्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा थांबायची ऐपत मिळाली होती. हे वाक्य मी तेव्हा पत्रकात लिहायला हवं होतं. तेव्हा मी वेगळंच लिहिलं.

पत्रकं लिहायला मी धारवाडला कॉलेजात शिकले. हॉस्टेलच्या पाण्यापासून जंगलाच्या हक्कापर्यंत सगळ्यावर लिहिली. पत्रकाची एक शिस्त असते. वाक्य आखूड. अक्षर ठसठशीत. 'कदाचित' हा शब्द चालत नाही. गावी आले तेव्हा कंपनीला दोन हंगाम झाले होते आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. किती माल गेला, किती राहिला, कुणाला गेला. मामाला विचारलं की तो म्हणायचा, सगळं बरं चाललंय. दिग्गीची माणसं जीपनं खाली येऊन शेडच्या दारात बसायची आणि हेच ऐकून परत जायची.

एकदा आमच्या ओसरीवर जेवण झाल्यावर मी विषय काढला. मामा सुपारी कातरत होता.

"रास मापूलाले असताना मधीच कोण इचारतंय काय, किती झालं म्हणून?" तो म्हणाला.

आमच्याकडं खळ्यावर भाताची रास मोजताना बोलत नाहीत. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि मग माप संपेपर्यंत आजूबाजूच्यांनी तोंडं मिटून बसायचं. मधेच कुणी किती झालं विचारलं, तर रास तुटते म्हणतात. लहानपणी मीच एकदा विचारून पाठीत धपाटा खाल्ला होता.

"खळ्यावर सगळं गाव बसलेलं असतंय, मामा," मी म्हटलं. "तुझ्या शेडला कुलूप असतंय."

"कुलूप माकडांसाठी हाय."

"माकडांनी शेअर घेतलेत काय?"

आई फस्सकन हसली. मामाही हसला, सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "लई शिकलीस, बाय." 

मग मी पत्रक काढलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मथळा होता, 'आकडा कुणाचा?' आणि खाली, आमचं भिरंड, आमचा शेअर, मग आकडा कुलपात का. लोकांनी ते वाचलं. खरंच वाचलं. सभेला देवळाचा मंडप भरला. मी मागितलं होतं एवढंच, की वह्या उघड्या ठेवा आणि कुणालाही बघू द्या. पण सभा एकदा तापली की मागणाऱ्याच्या हातात राहत नाही.

"वर्सातनं एकदा सांगून काय उपेग? दर संतेला सांगा," मागून एकजण म्हणाला. संते म्हणजे आमचा आठवडी बाजार.

"टीव्हीवर मोठ्या कंपन्यांचं रोज दाखवत्यात की. लाल, हिरवं."

"त्यांचं तरी तीन महिन्यांनी खरं कळतंय. आमचं आठवड्याला पायजे. आमचा पैसा गरिबाचा हाय."

हशा झाला, टाळ्या झाल्या. फळा जोयड्यात बसस्टँडसमोर लावायचा, सगळ्या गावांची माणसं तिथं उतरतात म्हणून, हेही तिथंच ठरलं. मीही टाळ्या वाजवल्या. मामाकडं बघितलं, तर त्याचा चेहरा पडलेला नव्हता. जरा खुललाच होता. त्याला दिसत असणार, आपल्या अक्षरातला आकडा सगळा तालुका वाचतोय.

सुरुवातीला मजा होती. गेल्या हंगामातला उरलेला माल जात होता, आकडे भरत होते. बाजारच्या दिवशी सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून यायचा, ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि सावकाश लिहायचा. मागं माणसं उभी राहायची. हॉटेलवाला त्याला चहा फुकट द्यायचा. फोनवरच्या ग्रुपवर फोटो जायचा, दिग्गीत रेंज नाही म्हणून तिथली माणसं जीपवाल्याला विचारायची, आज किती. मला वाटलं, झालं. एवढं सोपं होतं तर दोन हंगाम का अडलं होतं.

मग भिरंडं आली, वाळली, ड्रममध्ये गेली, सुतळ्या आवळल्या गेल्या आणि पाऊस लागला. आता दिवाळीपर्यंत विकायचं काही नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी स्वतः सुतळ्या आवळल्या त्यांना तर होतंच. पण फळा मागत होता. मामानं पहिल्या बाजाराला शून्य काढलं. दुसऱ्याला शून्य. पुढं तो शून्य जरा लहान काढायला लागला.

माहीत असणं आणि दर आठवड्याला भिंतीवर बघणं ह्यात फार अंतर आहे, हे मला तिथं कळलं. जीपमध्ये आईला बायका विचारायच्या, "व्हय गे, भावाच्या कंपनीचा आज बी भोपळा?" हॉटेलात कुणाला चहाचे पैसे मागितले तर तो फळ्याकडं बोट करायचा, "कंपनीची विक्री झाली की देतो." आई घरी येऊन पातेली आपटायची. ती मला म्हणाली, "शेडमधी ड्रम भरून उभे हाईत, मी माझ्या हातानं भरलेत. आणि ही बाई मला म्हणती, बुडाली तुमची कंपनी." मी म्हटलं, सांग ना तिला ड्रम भरलेत म्हणून. आई म्हणाली, "सांगितलं की. ती म्हणाली, मग लिवत का न्हाईत?"

शेअर परत द्या म्हणून माणसं मामाच्या दारात यायला लागली. शिव्या देत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती बसायची, पावसाकडं बघत, आणि उठताना म्हणायची, बघा काय जमतंय तर. मामा फुकटचा चहा प्यायचा बंद झाला. सकाळच्या ऐवजी दुपारी, गर्दी नसताना, फळा लिहून परत यायचा.

एका दुपारी धो धो पावसात आईला डबा द्यायला मी शेडवर गेले. बाहेर टेंपो उभा. आत दोन-चार ड्रमांची तोंडं उघडी, प्लास्टिक बाजूला पडलेलं, आणि व्यापारी कोपरापर्यंत हात घालून खालची सालं वर काढत होता. आई भिंतीला टेकून उभी होती. मामा काट्याजवळ.

"ह्यातलं थोडं, त्यातलं थोडं घेतो," व्यापारी म्हणत होता. "समदे उघडा की, बघूनच घेतो."

मला बघून तो अदबीनं बाजूला झाला. "या ताई. तुमच्याच फळ्यावर बघून आलो. लई दिवस झाले काय न्हाई म्हणून लिवलंय. म्हटलं, अडचण आसंल."

त्यानं सांगितलेला भाव टेंपोचाच होता, उन्हाळ्यातल्या ओल्या भिरंडापेक्षा थोडा वर. दिवाळीनंतरच्या भावाच्या जवळपाससुद्धा नव्हता. मामानं माल दिला. टेंपो गेल्यावर तो सुतळ्या परत आवळायला लागला. ओल्या हवेत, ओल्या हातांनी.

"का उघडलास?" मी विचारलं.

"शून्य किती दिवस लिवू?"

"थांबायचं ठरलंय ना आपलं."

"ठरलंय हितं, शेडमधी. फळ्यावर थांबल्यालं लिवायला जागा कुठं हाय?"

 आई म्हणाली, "दादा, दमट शिरलं आत." मामा म्हणाला, एवढ्यानं काय होत न्हाई.

त्या बाजाराला फळ्यावर आकडा आला. हॉटेलवाल्यानं चहा दिला. पुढच्या आठवड्यात परत टेंपो आला, कारण आता व्यापाऱ्याला वार माहीत झाला होता. फळा लिहायच्या आदल्या दिवशी तो यायचा. त्याआधी कधीच नाही. घासाघीस करायचीही त्याला गरज नव्हती. तो टेंपोत बसून वाट बघायचा. आमच्याकडं एकच दिवस असायचा, त्याच्याकडं सगळा पावसाळा.

आणि लोक खूश होते. हे मला आजही गिळता येत नाही. ज्या आठवड्यांत कंपनी आतून सडत होती, नेमक्या त्याच आठवड्यांत भागधारकांना वाटत होतं की आता बरं चाललंय. शेअर परत मागणारे गप्प झाले. एकजण तर मला म्हणाला, तुझ्या पत्रकानं मामा कामाला लागला बघ.

मी दुसरं पत्रक काढलं. त्यात लिहिलं की आठवड्याची विक्री लिहिणं बंद करा. आपलं पीक वर्षाचं आहे, त्याचा आकडा वर्षाचाच असतो. दिवाळीनंतर सगळ्या गावासमोर ड्रम उघडा, मोजा, वह्या वाचा, एक ओळही लपवू नका. तोवर कुणाला बघायचं असेल त्यानं शेडमध्ये येऊन बंद ड्रम मोजावेत, दार उघडं राहील. आणि लिहिलं की फळा सगळ्यांना सारखा दिसतो पण सारखा उपयोगी पडत नाही. भागधारक तो वाचतो आणि घाबरतो किंवा हसतो. व्यापारी तोच आकडा वाचतो आणि टेंपो काढतो. ज्याच्याकडं थांबायला पैसा आहे त्याच्या हातात आकडा पडला की तो हत्यार होतो.

ह्या पत्रकात वाक्यं लांब झाली होती. कुणी पुरतं वाचलं नाही. आणि ज्यांनी वाचलं त्यांनी मला मंडपात उभं केलं.

"काल दाखवा म्हणत होतीस, आज झाका म्हणतीस?"

"झाका नाही म्हटलं. वेळेवर दाखवा म्हटलं."

"मामानं काय दिलं गे?"

माणसं हसली. मामा खाली बघत होता. मला वाटलं तो उठेल, म्हणेल की ही बरोबर बोलते, मी ड्रम उघडूलालोय, माल खराब होईल. तो उठला नाही. उठला असता तर त्याला हेही सांगावं लागलं असतं की भाव काय मिळतोय, आणि फळ्यावर भावाचा रकाना नव्हता म्हणून तेवढी एक गोष्ट अजून झाकलेली होती. मी सांगितला भाव. तेव्हा मागून एकजण म्हणाला, "कायतरी येतंय तरी. तू तर शून्यच आणणार." हात वर झाले. फळा राहिला.

मी बसची वाट न बघता चालत घरी आले. आई आधीच पोचली होती. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "मीबी हात वर केला." मी विचारलं, कुणाच्या बाजूनं. ती म्हणाली, "फळ्याच्या. मला जीपमधी बसायचं असतंय रोज." मी जेवले.

दिवाळी झाली. गोव्याकडचा घेणारा गाडी घेऊन आला. नेहमीप्रमाणे त्याच्यासाठी शहाळी काढून ठेवली होती. त्यानं पहिला ड्रम उघडला, मूठभर सालं घेतली, नाकाजवळ नेली. दुसरा उघडला. तिसऱ्यात वरच्या थरावर पांढरं दिसत होतं, पिठासारखं. मामा म्हणाला, मीठ हाय ते. घेणाऱ्यानं बोट फिरवून दाखवलं. मीठ नव्हतं. तो रागावला नाही. प्लास्टिक परत नीट ताणून बसवलं आणि म्हणाला, "यंदा राहू दे." शहाळं पिऊन गेला.

बायकांनी सालं काढून मिठाच्या पाण्यात धुतली, परत मांडवांवर टाकली. ऊन कडक होतं. रंग थोडा परतला, वास परतला नाही. आई आठ-दहा दिवस रोज जाऊन एकेक साल उलटत होती. एकदा मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "हात रिकामा ऱ्हायला की जास्ती वाईट वाटतंय."

मग शेवटची सभा झाली. आरडाओरडा होईल म्हणून मी तयारीनं गेले होते, कुणावर काय बोलायचं ते मनात जुळवून. आरडाओरडा झालाच नाही. शेअर परत द्यायचे तर शेडमधलं सामान विकावं लागेल, एवढं एकजण बोलला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मांडव, काटा, ड्रम, पत्रे. घेणारा एकच होता, रामनगरकडचा व्यापारी. तो ठरलेल्या दिवशी टेंपो घेऊन आला. ह्या वेळी दोन.

त्या बाजाराच्या सकाळी मामानं इस्त्रीचा सदरा घातला. मी म्हटलं, कशाला जातोस. तो म्हणाला, "सभेनं ठरवल्यालं हाय, दर संतेला लिवायचं. अजून कुणी बंद करा म्हटल्यालं न्हाई." मी त्याच्याबरोबर गेले. त्यानं ओल्या फडक्यानं फळा पुसला, वाळू दिला आणि लिहिलं. विकलेल्या सामानाचा ठोकळ आकडा, सुबक अक्षरात. फळा लागल्यापासनं एवढा मोठा आकडा त्यावर कधी आला नव्हता. हॉटेलवाल्यानं चहा पुढं केला. मामानं तो घेतला, उभ्यानंच प्यायला, आणि खडू भिंतीच्या कोनाड्यात ठेवून दिला. त्यानंतर तो कामाशिवाय जोयड्याला येत नाही.

मला लोक विचारतात, मग शेवटी तुझं म्हणणं काय, आकडा सांगावा की सांगू नये. त्यांना एका ओळीचं उत्तर पाहिजे असतं. माझ्याकडं ते नाही, आणि पत्रक लिहिणाऱ्या माणसाकडं ते नसणं म्हणजे काय ते मलाच माहीत. कुलपातला आकडा सडतो, हे मी अजूनही म्हणेन, मामाच्या तोंडावर म्हणेन. पण दर आठवड्याला उघडलेला ड्रमही सडतो. मोठ्या कंपन्यांकडं कदाचित दोन्ही सोसायची ताकद असेल. त्यांचा एखादा आकडा घसरला तर कुणाच्या तरी टीव्हीवर बाण लाल होतो. आमच्याकडं आई रस्त्यावर टोपली घेऊन उभी राहते. ह्या उन्हाळ्यात राहिली. टेंपोत मागं आमचेच निळे ड्रम होते, तिनं ओळखले. त्यावर तिनंच रंगानं काढलेल्या खुणा होत्या.

परवा बसची वाट बघत होते. फळ्यासमोर दिग्गीचे एक आजोबा उभे होते, नुकतेच जीपमधनं उतरलेले. मला ते ओळखत होते, पत्रकवाली म्हणून. त्यांनी जवळ बोलावलं.

"मी तवा शेअर घेतलो न्हाई," ते म्हणाले. "भ्या वाटलं. आता घेतो म्हणतोय. कुणाला भेटायचं?"

"कंपनी बंद झाली, आजोबा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं.

"न्हाई गे," ते म्हणाले. "आकडा मोठा हाय की."

मी त्यांना सांगायला लागले, ड्रम, मांडव, काटा, सगळं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, पण नजर फळ्यावरनं काढत नव्हते. मग माझी बस लागली. मी म्हटलं, येते. ते म्हणाले, बरं. बस वळताना काचेतनं बघितलं, तर ते हॉटेलवाल्याला फळ्याकडं बोट करून काहीतरी विचारत होते.